काकू, ब्याण्णव हजारांची भांडी घेऊ का?

काकू, नमस्कार.
मी ३१ वर्षांचा, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. बायको नर्स आहे, तिला पाळ्या असतात, त्यामुळे घरचा स्वयंपाक बहुतेक माझ्याकडे. नॉनस्टिक कढईचा थर सुटायला लागला म्हणून सगळं स्टीलचं करायचं ठरवलं. एक स्टीलचा पॅन आणला, तर पहिलंच ऑम्लेट खरवडून काढावं लागलं. गेल्या रविवारी सोसायटीत एका कंपनीचा डेमो झाला. त्यांनी आमच्याच घरातल्या भांड्यांत खायचा सोडा घालून पाणी उकळलं आणि चाखायला दिलं. कडूजहर लागलं. त्यांच्या भांड्यातलं तसं लागलं नाही. 'सर्जिकल स्टील, ३१६, सात थरांचं' असा सात नगांचा संच ९२ हजारांना, वर हप्त्यांची सोय. बायकोचं मन झालंय. आई चिपळूणहून आली आहे, ती म्हणते, 'घरात पातेली आहेत की, डोकं फिरलंय का?' माझी तयारी १२ हजारांची आहे. स्टील ३०४ नंबरचं घ्यावं की ३१६? लोहचुंबक चिकटला तर स्टील नकली असतं का? ट्रायप्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या भांड्यांच्या, पोटात ॲल्युमिनियम असतं म्हणे, ते चालतं का? बायकोला खोट्या कानातल्यांनी खाज सुटते, ते निकेलमुळे म्हणतात, आणि निकेल स्टीलमध्येही असतं. घरी गॅस आणि इंडक्शन दोन्ही आहे. आई म्हणते, घेतलंसच तर नाव घालून घे.
— नाशिकचा स्वयंपाकी

अरे स्वयंपाक्या,

आधी ते ९२ हजार बाजूला ठेव. हप्त्याच्या कागदावर सही केली नसशील तर सुटलास. आईचं बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी तुला दोन भांडी घ्यावी लागतील. सात नाहीत.

सोड्याच्या पाण्याचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही क्षणभर धसका बसला होता, आणि मी तर सव्वीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातू तपासण्यात घालवलेली बाई. मग घरी येऊन विचार केला. खायचा सोडा पाण्यात उकळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याच्या सोड्याच्या जातीचा जास्त जहाल क्षार उरतो. तो मुळातच कडवट. ॲल्युमिनियमला असा क्षार खातो, म्हणून तुमच्या कुकरमधलं किंवा हिंडालियमच्या कढईतलं पाणी आणखी घाण लागणार. चमचा किती भरला, उकळी किती वेळ दिली, यावरही चव बदलते. पण मला सांग, तू रोज संध्याकाळी सोड्याचं पाणी उकळून जेवतोस का? आपण आमटी करतो, त्यात चिंच नाहीतर आमसूल असतं, म्हणजे आंबट. भांड्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर आंबटाने आणि मिठाने घ्यावी. त्या परीक्षेत साधं, चांगल्या प्रतीचं स्टीलही उत्तीर्ण होतं. त्यासाठी सात थर लागत नाहीत.

आता तुझ्या आकड्यांकडे येऊ. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, बाकी मुख्यतः लोखंड. डब्यावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच, आणि १८/१० हा त्याचाच सख्खा भाऊ. क्रोमियम हवेशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारी साय धरतं. ओरखडा गेला तर ती साय आपोआप पुन्हा धरते, म्हणून स्टील गंजत नाही. ३१६ मध्ये भरीला दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. ते मिठाला जास्त दाद देत नाही, म्हणून समुद्राकाठच्या कामाला, रसायनांच्या टाक्यांना ते वापरतात. तुझ्या कढईत समुद्र नाही. मिठाच्या पाण्यात भांडं आठ-आठ दिवस भिजत ठेवणार नसशील, तर ३०४ पुरून उरतं. 'सर्जिकल' हा शब्द ऐकायला जड आहे, पण भांड्यांच्या बाबतीत त्याला कुठलाही ठरलेला अर्थ नाही.

खरी गडबड त्याच्या खालच्या पायरीवर आहे. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्टील बाजारात भरपूर असतं. २०१, २०२, आपल्याकडे जे-फोर असंही म्हणतात. दिसायला तेच, चमकायला तेच, वाटी-ताटलीला, पिठाच्या डब्याला काही हरकत नाही. पण रोजच्या आंबट-खारट शिजवण्याला ते ३०४ इतकं टिकत नाही, बारीक खड्डे पडतात, तांबूस ठिपके येतात.

आणि इथेच लोहचुंबक फसवतो. ३०४ ला तो सहसा चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही. दुकानदार ऐटीत चुंबक लावून दाखवतो, 'बघा, चिकटतंय का? अस्सल माल!' आणि गिऱ्हाईक खूश. मोडीच्या धंद्यातली माणसं एक रसायनाचा थेंब टाकून रंगावरून ओळखतात, ती आपल्यापेक्षा शहाणी. उलट, चुंबक चिकटला म्हणजे नकली असंही नाही. ४३० नावाचं स्टील असतं, क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाहीच, आणि त्याला चुंबक छान चिकटतो. इंडक्शनवर चालायला भांड्याच्या बुडाला असंच चुंबक धरणारं काहीतरी लागतं. गंमत म्हणजे १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता, त्यातून जे न गंजणारं पोलाद हाती लागलं त्यात क्रोमियम होतं, निकेल नव्हतं. त्याच्या त्या पोलादालाही चुंबक चिकटला असता. तेव्हा तुझ्या चुंबकाचा उपयोग एवढाच: भांडं उलटं करून बाहेरून बुडाला लाव. चिकटला तर इंडक्शनवर चालेल. प्रतीची ओळख त्याच्याकडून करून घेऊ नकोस.

मग प्रत ओळखायची कशी? दोन गोष्टी कर. एक, आयएसआयचं चिन्ह बघ. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ते सक्तीचं केलं. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६. चिन्हाखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकला की कुणाचा, कशासाठीचा, चालू आहे की संपला, सगळं दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं. दुसरं, बिलावर '३०४' असं लिहून माग. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून वाटी घे, कढई घेऊ नकोस.

पण एवढा वेळ आपण नंबराबद्दल बोलतोय आणि तुझं ऑम्लेट चिकटलं ते नंबरामुळे नाहीच. ते बुडामुळे आणि घाईमुळे. घाईचं शेवटी सांगते. बुडाचं आधी, कारण पैसे तिथे घालायचे आहेत.

स्टील हा उष्णता पसरवण्यात अगदी आळशी धातू. ॲल्युमिनियम त्याच्या दहा-पंधरा पट चपळ आहे, तांबं त्याहून पुढे. म्हणून पातळ पत्र्याच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथेच जळतं आणि दोन बोटांवर थंड राहतं. दूध तळाला लागतं ते बर्नरच्या आकाराचं गोल कडं पाडून, बघितलंयस का कधी? आपल्या आयांनी यावर जन्मभर उपाय केले, पातेलं आधी पाण्याने विसळून मग दूध ओतायचं, खाली तवा ठेवायचा, शेजारी उभं राहून ढवळायचं. स्टीलची कमतरता बाईच्या उभं राहण्याने भरून काढली, असं मला कधी कधी वाटतं. बोहारणीला चार जुन्या साड्या देऊन जे पातेलं यायचं, ते तर फुंकर मारली तर उडेल असं.

ट्रायप्लाय म्हणजे या आळशाच्या पोटात चपळ माणूस बसवणं. आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३०, असे तीन पत्रे दाबून एक केलेले असतात, आणि ते बुडापासून काठापर्यंत जातात. अन्नाला लागतं फक्त आतलं स्टील. ॲल्युमिनियम दोन्हीकडून बंद असतं, त्याची काळजी सोड. फक्त काठ बघून घे. काही भांड्यांचा काठ सरळ कापलेला असतो आणि कडेला ॲल्युमिनियमची करडी रेघ उघडी दिसते. ते भांडं डिशवॉशरमध्ये लावलं तर त्यातली पावडर ती रेघ हळूहळू खाते आणि दोन्हीकडची स्टीलची धार बोटाला लागायला लागते. हाताने घासणार असशील तर चालेल, नाहीतर काठ बंद केलेला घे.

स्वस्तातला दुसरा प्रकार म्हणजे सँडविच बूड: वरचं अंग एकाच पत्र्याचं, तळाला फक्त ॲल्युमिनियमची जाड चकती लावून झाकलेली. दूध, खीर, आमटी, पास्त्याचं पाणी याला उत्तम. कढईला मात्र नको. गॅसची ज्योत चकतीच्या बाहेर आली की तिथला एकेरी पत्रा तापतो आणि रस्सा बरोबर त्या वळणावर करपतो. इंडक्शनवर हा त्रास होत नाही. तांब्याच्या बुडाची भांडी बहुतेक नुसती मुलाम्याची असतात. ती मी हौसेने घेतली होती, घासून घासून चिंच संपली, दूध लागायचं ते लागतच राहिलं.

पाच थर, सात थर यांच्या मागे लागू नकोस. एकूण जाडी महत्त्वाची. ट्रायप्लाय अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं की आपल्या रोजच्या स्वयंपाकाला पुरे. साध्या पातेल्यांत जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे उलटा हिशेब असतो: गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. २४ गेज म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर, १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळ. आकडा कुणी सांगेना तर हातात घे, बुडावर अंगठ्याने दाब, टिचकी मार. पातळ पत्रा टणटणतो आणि दबतो. तुझ्या नाशकात भांडी बाजार आहे, तिथे जुन्या दुकानात जाऊन बस, वजनावर देणाऱ्याकडे चार भांडी हातात घे. हाताला जे कळतं ते ऑनलाइन फोटोत कळत नाही.

आता तुझी यादी. कढई, २४ सेंटिमीटरची, ट्रायप्लाय, झाकणासह. इथे हात आखडू नकोस, कारण पोहे, उपमा, पिठलं, उसळ, सुकी भाजी सगळं त्यातच होणार. आणि तीन लिटरचं एक पातेलं, ट्रायप्लाय किंवा सँडविच बुडाचं, दुधाला, खिरीला आणि आमटीला. याला दोन्हीकडे रिव्हेट मारलेले कान असू देत. आपण सांडशीवाले लोक, पातेलं काठाला धरून उचलायची सवय. पण जड पातेलं भरलेलं असताना सांडशीतून घसरतं. माझ्या पायावर अख्खी कढी सांडली आहे, विनोद नाही. बारा हजारांतले निम्मे तरी उरावेत.

बाकी? चहाला, भाज्या उकडायला, कणीक मळायला, वरण-भाताला आईची पातेली. कुकरमधली भांडी तर पाण्यावर वाफेत असतात, त्यांच्या बुडाला आच लागतच नाही, तिथे ट्रायप्लाय घेणं म्हणजे छत्रीला रेनकोट घालणं. आईने आणलेल्या पातेल्यांत एखादं ऐंशीच्या दशकातलं, जाड, सेलमच्या पत्र्याचं असेल तर ते जपून ठेव. तमिळनाडूतला तो कारखाना १९८१ ला सुरू झाला आणि 'सेलमचं स्टील' हा शब्द आमच्या पिढीत हुंड्याच्या यादीत जाऊन बसला. मोडीत स्टीलला पितळेसारखा भावही मिळत नाही.

थालीपीठ, डोसा, भाकरी यासाठी स्टीलचा तवा घेऊ नकोस, कुणी फुकट दिला तरी. बिडाचा नाहीतर लोखंडी तवा वापर. लोणचं आणि मिठातली कैरी स्टीलच्या डब्यात भरू नकोस, चिनी मातीची बरणी कशाला आहे? नॉनस्टिकची ती कढई टाकून दे, पण आजवर चार कपचे पोटात गेले असतील म्हणून घाबरू नकोस, ते पचत नाहीत, निघून जातात. नॉनस्टिकचा खरा धोका रिकामं भांडं मोठ्या गॅसवर विसरण्यात असतो, तेव्हा निघणारी वाफ वाईट.

बायकोच्या खाजेबद्दल. कानातल्यांनी खाज येते म्हणजे बहुधा निकेल त्वचेला लागलेलं सोसत नाही. स्टीलच्या भांड्यातून अन्नात उतरणारं निकेल फार थोडं असतं. नव्या भांड्यात टोमॅटोसारखं आंबट खूप वेळ रटरटवलं तर जास्त उतरतं, पाच-सहा वापरांनंतर बरंच कमी होतं. म्हणून पहिले काही दिवस नव्या कढईत टोमॅटोची ग्रेव्ही तासभर आटवू नकोस. बहुतेकांना एवढं पुरतं. त्वचारोगतज्ज्ञांनी चाचणी करून निकेलची ॲलर्जी सांगितली असेल आणि खाण्यानेही अंगावर उठत असेल, तर त्यांना विचारूनच ठरव. तिच्या आंबट पदार्थांसाठी आतून ४३० असलेलं किंवा एनॅमलचं एखादं भांडं ठेवता येतं. ती नर्स आहे, तिला हे माझ्यापेक्षा नीट कळेल.

आता घाई. स्टीलवर ऑम्लेट चिकटतं कारण आपण नॉनस्टिकच्या सवयीने थंड पॅनमध्ये तेल आणि अंडं एकदम घालतो. मध्यम आचेवर रिकामी कढई दोनेक मिनिटं तापव. पाण्याचा थेंब टाक. तो चर्र करून उडून गेला तर अजून थांब. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की कढई तयार. मग आच कमी, तेल, ते क्षणभर पसरू दे, आणि मग अंडं. लगेच उलथनं घालू नकोस. खालची बाजू शिजून लालसर झाली की अंडं आपणहून सुटतं, तोवर ओढाताण केलीस तर फाटणार. पोह्यांना आणि भाज्यांना हा त्रास कमी, कारण आपण मोहरी तडतडेपर्यंत थांबतोच, फोडणीने आपल्याला ते आधीच शिकवलंय.

साबुदाण्याची खिचडी ही खरी परीक्षा. साबुदाणा मोकळा भिजलेला, दाण्याचं कूट आधीच चोळलेलं, तूप सढळ, आच मंद, आणि ढवळणं कमी. तरीही तळाला थोडी धरेल. गॅस बंद करून झाकण ठेव, पाच मिनिटांनी वाफेने ती सुटते. पिठल्याचंही तसंच. आणि खरवड काय टाकायची गोष्ट आहे का? आमच्या घरी तिच्यावरून भांडणं व्हायची.

नव्या भांड्याला पहिल्यांदा पाणी लावू नकोस. कापसाच्या बोळ्याने आतून खाद्यतेल पुस, पॉलिशचा काळा अंश निघेल, बोळा स्वच्छ येईपर्यंत पुसत राहा, मग साबण. मीठ नेहमी पाणी उकळल्यावर घाल. गार पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. हे सगळं शिकलेल्या मी स्वतःच्या नव्या पातेल्याला बटाटे उकडताना ते पाडले आहेत. इंद्रधनुष्यासारखे निळे-सोनेरी डाग आले तर घाबरू नकोस, भांडं जास्त तापलं एवढाच त्याचा अर्थ. लिंबाची फोड किंवा आमसुलाचं पाणी फिरव. पांढरे ठिपके पाण्यातल्या क्षाराचे, तेही आंबटाने जातात. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून उकळ. त्या डेमोवाल्याच्या सोड्याचा हा खरा उपयोग. तारेची घासणी लांब ठेव.

आणि नावाचं. आई म्हणते ते कर, भांड्यावर नाव असावं. काठाखाली, बाहेरच्या अंगाला घालून घे. आत नको, मसाला अडकतो, आणि बुडावर तर अजिबात नको. फक्त दुकानदार सवयीने बायकोचं नाव विचारेल. तुझं सांग. स्वयंपाक तू करतोस.

— काकू